रेघेखालचं आपलं नाही

एल्झे आजींच्या घरात रिकामं असं काही नसायचं. जॅमची बाटली संपली की ती धुऊन, काठोकाठ पाणी भरून फळीवर जायची. फुलदाणीत फुलं नसली तरी पाणी असायचंच. पाहुण्याने चहा पिऊन कप खाली ठेवला, की त्याचं बोलणं संपायच्या आत आजी उठायच्या, कपात नळाचं पाणी भरून आणायच्या आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवायच्या. प्यायला नव्हे, नुसता भरलेला असू दे म्हणून. मी पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा दुपारचं ऊन आत आलं होतं आणि त्या सगळ्या बाटल्यांमधल्या पाण्याचे कवडसे छतावर हलत होते. खिडक्या बंद होत्या. पंखा नव्हता. पाणी हलवतंय कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला जागेची गरज होती.

अमेरिकेत पार्सिपनी गावातल्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. इमारतींच्या पावसाच्या पाण्याचा निचरा नीट होईल की नाही, त्याचे नकाशे तपासायचं काम. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमचं गाव शिरोळकडचं, कृष्णाकाठचं. आबा, म्हणजे माझे वडील, जॅकवेलवर पंप चालवायचे. नदीकाठच्या ज्या खोल विहिरीतून शेतांना पाणी उपसतात, तिच्यावर. सिव्हिल इंजिनीअरिंगची पदवी मी काचेच्या चौकटीत घालून सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत गुंडाळून अमेरिकेला आणली होती. बरोबरच्या मुली हसल्या. हसू देत. त्यांच्या घरात तशा चार-चार होत्या.

आजींनी मला तळघर भाड्याने दिलं. ऐंशी उलटलेली बाई, ताठ, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. इंग्रजी बोलायच्या ते जर्मन वळणाचं. माझं नाव वैशाली, त्या ‘फायशाली’ म्हणायच्या आणि शेवटपर्यंत तेच म्हणाल्या. मी त्यांना आजी म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारून घेतला, मान हलवली, आणि त्या दिवसापासून डेव्हिडलाही, म्हणजे त्यांच्या मुलालाही, फोनवर सांगायला लागल्या, “मी आता आजी आहे. तू काही केलं नाहीस, पण झाले.”

तळघराच्या चारही भिंतींवर, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, एक निळी रेघ होती. पाणसळीने आखावी तशी सरळ. विजेची बटणं रेघेच्या वर, पाणी तापवायचा बंब विटांच्या चौथऱ्यावर, पलंगाचे पाय उंच केलेले.

“ही कसली रेघ?”

“वर काहीही ठेव. रेघेखालचं आपलं नाही.”

“मग कुणाचं?”

“तिचं.”

पदवीची चौकट लावायला मी खिळा ठोकला तो पलंगावर बसून सहज दिसेल असा, खाली. आजी हातोडी घेऊन आल्या, खिळा उपसला आणि रेघेच्या वर चांगला वीतभर अंतरावर ठोकला. “ही तुझी सगळ्यात महागाची वस्तू आहे ना? मग तिला पोहायला का लावतेस?”

आजींचं हे घर टेकाडावर. जवळचा ओढा अर्ध्या मैलावर, तोही इतका बारका की पलीकडच्या माणसाशी न ओरडता बोलता येईल. मी मनात म्हटलं, म्हातारपण.

त्यांच्या गावाचं नाव मला माहीत नाही. जर्मनीत मोझेल नदीकाठचं, एवढंच. नाव सांगत नसत. “नाव घेतलं की तिला पत्ता कळतो,” म्हणायच्या. पण नाव सोडून बाकी सगळं गाव त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की आज मला तिथे डोळे बांधून सोडलं तरी मी घाटावर पोचेन. नदी तिथे केसांच्या पिनेसारखी वळते. अलीकडच्या काठाला ऊन, पलीकडच्याला सावली. उन्हाच्या बाजूच्या मुलींना सावलीच्या बाजूला देत नसत. डोंगर असा उभा, की द्राक्षं तोडणारी माणसं कमरेला दोर बांधून काम करायची. माती नाहीच, सगळी पाटी. आपली शाळेतली काळी पाटी असते ना, तोच दगड. दिवसभर ऊन पिऊन तो दगड संध्याकाळी वेलींना ऊब देतो. पहिल्या वेली रोमन लोकांनी लावल्या. मग फ्रेंच आले, मग प्रशियन आले. “सगळे कर गोळा करून गेले,” आजी म्हणायच्या. “परत परत आली ती एकटी नदी.”

हिवाळा सरताना वरच्या डोंगरातला बर्फ वितळायचा, त्यावर पाऊस पडायचा, आणि ती यायची. पूर हा शब्द गावात कुणी वापरत नसे. ‘ती आलीय’, ‘ती पायरीला लागली’, ‘ती निघाली’ असंच बोलत. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर सतरंजी नाही, पडदा नाही. छताच्या तुळईला आकडे, कपाटं दोराने वर ओढून घ्यायला. गल्लीत फळ्या टाकून त्यावरून लोक बेकरीत जायचे. प्रत्येक जुन्या घराच्या कोपऱ्यावर दगडात खोदलेल्या खुणा: पाणी कुठवर आलं, कोणत्या साली. वेशीच्या कमानीवर तर अशा खुणांची शिडीच होती. आणि त्या शिडीच्या खूप वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्याही वर, एक खूण होती जिच्यापुढे साल नव्हतं.

“ती कोणत्या पुराची?” मी विचारलं होतं.

“माझ्या आजीला मीही हेच विचारलं. ती म्हणाली, ती येऊन गेलेल्याची नाही. येणार आहे त्याची.”

मग त्यांनी माझ्या रिकाम्या कपात पाणी ओतलं.

त्या गावची एक रीत मात्र मला शास्त्राने कळत होती. पाणी चढायला लागलं की लोक आपल्या तळघराचं दार बंद करून वाळूच्या गोण्या रचत नसत. उलट, नळ सोडून तळघर स्वतःच स्वच्छ पाण्याने भरायचे. कारण जमिनीतलं पाणी फरशीला खालून वर रेटतं. आत भार नसेल तर फरशी फुटते, भिंती आत येतात. आत पाणी असेल तर दोन्हीकडचा जोर सारखा होतो. पुस्तकात याला एक पान आहे. आजींकडे एक वाक्य होतं: “घरात आधी आपलं पाणी भरायचं. मग ती बाहेरच्या बाहेर जाते. रिकामं घर दिसलं की ती आत शिरते.”

समोरच्या घरातल्या द्राक्षवाल्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, बटाटे सोलता सोलता. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. त्याच्या तळघरात नव्या वाइनची पिंपं होती. नळ सोडला तर पिंपांची गोडी जाईल म्हणून तो म्हणाला, “उद्या बघू.” सकाळी फरशी फुटली. पिंपं तरंगत वर आली आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर खालून आपटायला लागली. ठक. ठक. ठक. गल्लीपलीकडे आजींच्या घरात ऐकू येत होतं. कुणी दार वाजवावं तसं. त्याची बायको म्हणाली, उघडू नका. तो म्हणाला, बघतो तर खरं कोण आहे, आणि त्याने जमिनीतलं झाकण उघडलं.

“मग?”

“मग ठकठक थांबली.” आजींनी बटाटा पाण्यात टाकला. “माणूस सापडला नाही. म्हणून सांगते, फायशाली. उद्या बघू म्हणायचं नाही. आणि खालून वाजलं तर उघडायचं नाही.”

पुराआधी तळघराला ओल्या पाटीचा वास येतो, असंही त्या सांगायच्या. रोज सकाळी जिना उतरून माझ्या दारात यायच्या, नाक वर करून उभ्या राहायच्या, “नाही,” म्हणायच्या आणि परत जायच्या. मी केस विंचरत असायची. पहिले काही दिवस दचकले, मग “गुड मॉर्निंग, आजी” म्हणायला लागले.

सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडून एका वादळाचं शेपूट आमच्याकडे वळलं. सकाळी आजी दारात आल्या, उभ्या राहिल्या आणि या वेळी “नाही” म्हणाल्या नाहीत. “तुला येत नाही वास?” मी म्हटलं, मला फक्त फोडणीचा वास येतोय, आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी पाचला परत आले तर तळघरात पोटरीएवढं पाणी. बागेचे दोन पाइप जिन्यावरून खाली सोडलेले, आणि तिसऱ्या पायरीवर आजी, स्कर्ट गुडघ्यावर खोचून, शांत बसलेल्या. माझी एकही वस्तू भिजली नव्हती. सगळं उचलून रेघेच्या वर रचलेलं होतं. बुटांचे जोडसुद्धा ओळीने.

“आजी! हे काय केलंत?”

“अजून रेघेला लागलं नाही. थोडा वेळ दे.”

मी धावत जाऊन नळ बंद केला. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त पाण्याकडे बघत राहिल्या, दुधावर नजर ठेवावी तशा.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी सगळ्या गल्लीत सगळ्यांची तळघरं कोरडी होती. आमच्याच घरासमोर पंपाची गाडी उभी होती.

ऑफिसमधल्या सायलीला मी हे सांगितलं. ती पुण्याची, आयसेलिनला राहणारी. “यार, तू मूव्ह आउट कर. शी इज नॉट वेल.” मग आबांना व्हिडिओ कॉल केला. आबा खदाखदा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“आगं, म्हातारी येडी न्हाई,” आबा म्हणाले. “आमची जॅकवेल रिकामी ठेवली की पुरात उपटून वर येती. सायेब लोक म्हणायचे पाणी उपसा, आन् आम्ही सायबाची पाठ फिरली की पाणी सोडायचो.”

“आबा, इथं तसं नसतं. इथं सगळं बिल्डिंग कोडप्रमाणे, नियमाने बांधलेलं असतं.”

“नदीला कोड वाचाय येतो व्हय गं?”

मी विषय बदलला. आबांनी मला शिकवलं ते मी त्यांच्यापेक्षा जास्त शहाणी व्हावी म्हणून. मी झाले होते, असं मला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात डेव्हिड डॅलसहून विमानाने आला. पन्नाशीचा, दमलेला, भला माणूस. आईने घरात स्वतः पाणी सोडलं हे त्याला शेजाऱ्याने कळवलं होतं. त्याने डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या एका वृद्धाश्रमाचे कागद बरोबरच आणले होते, पण सही करून नव्हते आणले. स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. त्याने चहा संपवला, आजींनी कपात पाणी भरलं, त्याने डोळे मिटले.

“वैशाली,” तो म्हणाला, “तू सिव्हिल इंजिनीअर आहेस. आई म्हणते तिने घर वाचवलं. मला यातलं काही समजत नाही. तू जे सांगशील ते मी मानेन. तिने केलं त्याची गरज होती का?”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. साक्षीदार आपला आहे, हे माहीत असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मला खरं सांगायचं होतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, मला हुशार दिसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गोरा माणूस माझ्या एका वाक्यावर घराचा निर्णय ठेवत होता. मी म्हटलं, “नाही. गरज नव्हती. हा भाग उंचावर आहे. जमिनीतलं पाणी खूप खोल आहे. मी नकाशे तपासलेत.”

ते खरंही होतं. नकाशात तसंच आहे.

मग आजी म्हणाल्या, “फायशाली शिकलेली आहे,” आणि उठून सामान आवरायला गेल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी डेव्हिडने सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. मीही मदत केली. जॅमच्या, लोणच्याच्या, औषधाच्या, अत्तराच्या सुद्धा. दुपारभर घरात पाणी गळायचा आवाज होता. आजी बाहेर गाडीत जाऊन बसल्या होत्या, कोट घालून, एक दिवस आधीच. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा त्यांच्या हातात भरलेला पेला होता. वळणावर गाडी झुकली, पण पेल्यातलं पाणी हललं नाही. मी पायरीवरून बघत होते. मला ते नीट दिसलं.

घर विकलं जाईपर्यंत मी राहावं असं ठरलं. वर सगळ्या खोल्या मोकळ्या, भिंतींवर चौकटींचे फिके चौकोन. मी वरती फिरकत नसे. सकाळी केस विंचरताना मात्र दाराकडे नजर जायची.

गुढीपाडव्याच्या शनिवारी मी दोन दिवसांसाठी सायलीकडे निघाले होते. महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता. नऊवारी पिशवीत घालताना मला तळघरात वास आला. पहिलीत असताना आम्ही पाटी थुंकीने ओली करून बाहीने पुसायचो आणि मग नाकाला लावायचो. तोच वास. गार, दगडाचा. मी चक्क वाकून पलंगाखाली पाहिलं, जुनी पाटी पडलीय की काय. बाहेर स्वच्छ ऊन होतं. फोनवर सायली ओरडत होती, “अगं निघ ना, पार्किंग मिळणार नाही!”

मी मोठ्याने म्हटलं, “उद्या बघू.” कुणाला म्हटलं, ठाऊक नाही.

शनिवारी रात्री पाऊस झाला. साधा पाऊस, बातम्यांत येईल असा नाही. त्या रात्री ते घर पहिल्यांदा खरोखर रिकामं होतं.

रविवारी दुपारी मी पुढचं दार उघडलं आणि खालून आवाज आला. ठक. थोडं थांबून पुन्हा. ठक. ठक. मी तळघराच्या दारापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. स्वतःला सांगत होते, मी इंजिनीअर आहे. हात मुठीवर होता, पण तो फिरेना. शेवटी मी वरच्या स्वयंपाकघरात गेले, डेव्हिडने टाकायला काढलेला एक पेला शोधला, काठोकाठ भरला आणि दाराशी ठेवला. मग दार उघडलं.

माझा तांदळाचा स्टीलचा डबा जिन्याच्या लाकडी फळीवर आपटत होता. पाणी काळं होतं. सोमवारी पंपाने ते काढलं तेव्हा खालची फरशी दिसली: मधोमध वर आलेली, तव्यावर भाकरी टम्म फुगून फुटावी तशी. शेजारची दोन्ही तळघरं कोरडी ठणठणीत. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले, मलाच विचारलं, “मॅडम, तुमचं मत?” मी म्हटलं, मला मत नाही. भिंतींवर गाळाचा पट्टा उमटला होता. त्याची वरची कड निळ्या रेघेला लागून थांबली होती. वर एक ठिपकाही नाही. पदवीची चौकट वीतभर वर, कोरडी.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हातारीला भेटून ये.”

मे महिन्यात गेले. अर्विंगमध्ये सपाट जमीन, भाजणारं ऊन, नदीचा मागमूस नाही. आजींची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. नर्स म्हणाली, आल्यापासून उभ्या राहिलेल्या नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर औषधाचे कागदी पेले ओळीने भरून ठेवलेले. नर्स रोज ओतते, आजी रोज भरतात.

मी खूप काही ठरवून गेले होते. एवढंच निघालं, “आजी, मी चुकीचं बोलले.”

“रेघेपर्यंत आली?”

“हो.”

“वर नाही?”

“नाही.”

त्यांनी समाधानाने मान हलवली, सुनेने स्वयंपाक बरा केला असं ऐकल्यासारखी. “मला बघायला आली होती. तुला काही केलं नसतं तिने.” मग माझा हात धरला. त्यांचा हात गार होता आणि ओला. “तू खोटं नाही बोललीस, फायशाली. तू नकाशा बघून बोललीस. माझ्या गावाच्या नकाशातही ती नदी काठाच्या आतच दाखवतात.”

तेव्हा माझी नजर वर गेली. छताच्या जरा खाली, खिडकीच्या चौकटीच्या वर, भिंतीवर निळी रेघ होती. चारही भिंतींवर. सरळ.

“ही कोणी काढली?” मी नर्सला विचारलं.

“आधीपासून असेल,” ती म्हणाली. “एवढ्या वर कोण जाणार?”

आजींनी रेघेकडे बघितलं नाही. त्या माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या. ती रिकामी होती. त्यांनी ती काढून घेतली, खुर्ची बेसिनपर्यंत ढकलत नेली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिली. खाली पार्किंगमधून मी वळून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या त्या खिडकीत त्यांची वेणी दिसत होती आणि मागे छतावर पाण्याचे कवडसे हलत होते. त्यांचा चेहरा रस्त्याकडे नव्हता. त्या वर बघत होत्या, घरचं माणूस यायच्या वेळी घड्याळाकडे बघतो तशा. एल्झे आजींना मी पाहिलं ते शेवटचं.

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझी बाटली बाजूला काढली गेली. “मॅम, पाणी टाकून द्या. बाटली रिकामीच न्यावी लागेल.”

मागे मोठी रांग होती. मी बाटली उघडली आणि तिथेच उभी राहून सगळं पाणी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. त्याला ओल्या पाटीचा वास होता. मग रिकामी बाटली पट्ट्यावर ठेवली, आणि पलीकडे गेल्यावर बूट घालायच्या आधी नळ शोधला.